माणूस स्वतःच्या जोरावर देवाकडे वळू शकतो का? इरॅस्मस की ल्यूथर?

काठावरची
गेले दोन महिने हा वाद वाचतेय आणि डोक्यातून जातच नाहीये, म्हणून इथे टाकतेय. मामला थोडक्यात असा. सप्टेंबर १५२४ मध्ये इरॅस्मस या डच कॅथलिक विद्वानाने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने एक छोटं पुस्तक काढलं आणि डिसेंबर १५२५ मध्ये मार्टिन ल्यूथरने, म्हणजे पोपशी फारकत घेऊन प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या जर्मन धर्मसुधारकाने, त्याला कितीतरी जाडजूड उत्तर दिलं. प्रश्न एकच, आदामाच्या पतनानंतर, म्हणजे बायबलमधल्या पहिल्या माणसाने देवाची आज्ञा मोडल्यानंतर, माणसात देवाकडे वळायची ताकद थोडी तरी शिल्लक आहे का? इरॅस्मस म्हणतो, आहे थोडीशी. ल्यूथर म्हणतो तारणाच्या, म्हणजे पापातून सुटकेच्या बाबतीत शून्य. घरदार, पैसाअडका यात काय करायचं ते माणूस ठरवू शकतो हे त्यालाही मान्य आहे, पण देवासमोर माणसाची इच्छा म्हणजे ओझ्याचं जनावर. देव बसला तर देव नेईल तिकडे, सैतान बसला तर सैतान नेईल तिकडे, आणि पाठीवर कोणी बसायचं हे जनावराच्या हातात नाही.

आधी मला हा माणसाचा अपमान वाटला होता. आता अगदी उलट वाटतं. ल्यूथर मठात राहिलेला, उपासतापास केलेला, तासन्‌तास पापांची कबुली देऊनही 'पुरेसं झालं का' या धास्तीतून न सुटलेला. तो सरळ लिहितो की इच्छास्वातंत्र्य कुणी देऊ केलं तरी मला नको, कारण मग किती केलं म्हणजे देवाला पुरे होईल हे मला कधीच कळणार नाही. माझ्या मते ल्यूथर बरोबर आहे, आणि त्याचं म्हणणं माणसाच्या खांद्यावरचं ओझं उतरवणारं आहे.

मधलीसुट्टी
अजिबात पटलं नाही. इरॅस्मसचा सफरचंदाचा दाखला वाचलात ना? मूल अजून धड चालत नाही, पडलंय. बाप त्याला उठवतो, पलीकडचं सफरचंद दाखवतो, मूल तिकडे झेपावतं पण परत कोलमडणार म्हणून बाप हात धरतो, पावलं टाकवत नेतो आणि शेवटी सफरचंद त्याच्या हातात देतो. बापाशिवाय मूल उभंसुद्धा राहिलं नसतं, सगळं श्रेय बापाचंच, पण म्हणून मुलाने काहीच केलं नाही का? ते झेपावलं की! माझी मुलगी अकरा महिन्यांची असताना पलंगाची कड धरून माझ्याकडे यायची, तिच्या मांड्या थरथरायच्या, ती थरथर तिचीच होती, मी आणून दिलेली नव्हती.

आणि दुसरं, माणसाला काहीच जमणार नसेल तर आज्ञा कशासाठी? कॅथलिक बायबलमधल्या सिराखच्या पुस्तकातला उतारा इरॅस्मस आधी घेतो तो यासाठीच. तुझ्यापुढे आग आणि पाणी ठेवलंय, हवं तिकडे हात पुढे कर. हातच नसेल तर हे कुणाला सांगताय?

काठावरची
याचं उत्तर ल्यूथरने दिलंय आणि गंमत म्हणजे तेही लहान मुलाचाच दाखला देऊन. आईबाप मुलाला 'ये बघू माझ्याकडे' म्हणतात तेव्हा त्याला येता येतं म्हणून थोडंच म्हणतात? येता येत नाही हे मुलाला कळावं आणि त्याने हात मागावा म्हणून म्हणतात. 'कर' या शब्दातून 'तुला करता येतं' असा अर्थ निघत नाही, हा तर साधा व्याकरणाचा मुद्दा झाला. तुमची मुलगी यायची तेव्हा तुमचे हात आधीच पसरलेले होते ना?

मधलीसुट्टी
होते. आणि माझ्या दोन मुली असत्या तर दोघींसाठी पसरले असते! ल्यूथरचा देव एकाला उचलतो, दुसऱ्याला पडलेलंच ठेवतो, आणि का हे विचारायचं नाही, ते म्हणे देवाच्या गूढ इच्छेत. असा बाप मला मान्य नाही.

शिवाय हे विचार कागदावरच राहतात असं समजू नका. त्याच १५२५ मध्ये जर्मनीत शेतकरी उठले तेव्हा याच ल्यूथरने सरदारांना सांगितलं की दिसेल तिथे मारा, भोसका. नंतर टीका झाली तर म्हणे गाढवाला फटके लागतात आणि जमावाला बळानेच हाकावं लागतं. माणसाला एकदा ओझ्याचं जनावर म्हटलं की पुढचा चाबूक फार लांब नसतो.

दोनओळी
चाबकाचा हिशेब दोन्हीकडून करू. १५२६ मध्ये ल्यूथरविरुद्ध इच्छास्वातंत्र्याची बाजू घेऊन आणखी एकाने पुस्तक लिहिलं, स्पेनचा सेपुल्वेदा. विद्वान माणूस, ॲरिस्टॉटल कोळून प्यायलेला. हाच सेपुल्वेदा १५५०-५१ मध्ये स्पेनमधल्या वायादोलिद शहरात झालेल्या वादात म्हणतो की अमेरिकेतले मूळ रहिवासी निसर्गतःच गुलाम आहेत आणि त्यांच्याशी युद्ध करणं न्याय्य आहे. म्हणजे बुद्धी आणि इच्छा यांचं कौतुक करता करता हा माणसांची प्रतवारी लावून मोकळा! ल्यूथरच्या हिशेबात निदान राजा, पोप आणि शेतकरी सगळे एकाच गोठ्यात. मला त्यात जास्त समता दिसते. शेतकऱ्यांबद्दल त्याने लिहिलं ते भयंकरच होतं, पण ते त्याच्या स्वतःच्याच विचाराशी केलेलं इमान नव्हतं असं माझं मत.

वसईकर
वायादोलिदचं अर्धंच सांगितलंत. सेपुल्वेदाच्या विरोधात उभा राहिलेला लास कासास डॉमिनिकन संघाचा संन्यासी होता, म्हणजे कॅथलिकच, आणि सगळी माणसं बुद्धी आणि इच्छा असलेली आहेत याच पायावर तो लढला. त्याआधी १५३७ मध्ये पोप तिसऱ्या पॉलनेही लिहून दिलं होतं की ही खरी माणसं आहेत, यांचं स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावायची नाही.

आणि कॅथलिक बाजू म्हणजे 'माणूस आपल्या बळावर तरतो' असं कोणी समजू नये. ट्रेंटला भरलेल्या कॅथलिक चर्चच्या परिषदेने १५४७ मध्ये स्पष्ट सांगितलं की सुरुवात देवाच्या कृपेचीच, पण कृपेने हलवल्यावर माणूस होकार देतो, आणि नकारही देऊ शकतो, तो निर्जीव वस्तू नाही. आमच्याकडे बाप्तिस्म्याला फादर विचारतात, सैतानाचा त्याग करता का, आणि आईबाप आणि धर्ममातापिता उत्तर देतात, बाळ मात्र पांढऱ्या झबल्यात झोपलेलं असतं. बाळाने काय केलं? काहीच नाही. पण आयुष्यभर ते 'हो' त्याला स्वतः म्हणावं लागतं.

आणि हे सगळं फक्त लॅटिनमध्ये राहिलं नाही. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट या कॅथलिक संघाचा इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याचं क्रिस्तपुराण, म्हणजे बायबलची कथा सांगणारं मराठी काव्य, गोव्यातल्या राचोलला छापलं गेलं. आदामाचं पतन मराठी ओव्यांत आलं ते असं, ल्यूथरच्या विरोधी गोटातून.

उंबरा
मी धर्मशास्त्र शिकलेली नाही, पण हा धागा पहिल्यापासून वाचतेय. माझा भाऊ सात वर्षं 'उद्यापासून बंद' म्हणत होता. आईच्या पायावर हात ठेवून शपथ घ्यायचा आणि खोटी घ्यायचा नाही, त्या क्षणी खरीच असायची. संध्याकाळी परत तेच. शेवटी व्यसनमुक्तीच्या गटात पहिल्याच दिवशी त्याला म्हणायला लावलं की माझ्या ताकदीने हे होत नाही. तेवढं वाक्य बोलायला त्याला वीस मिनिटं लागली. म्हणून मला ल्यूथर कळतो.

मधलीसुट्टी
तुमच्या भावाबद्दल मनापासून आदर. पण ताई, ती वीस मिनिटं कुणाची होती? खुर्चीतून उठून तो निघून जाऊ शकत होता, गेला नाही. वसईकर म्हणतात ते 'हो' तेच. ल्यूथर म्हणणार की धरलेला हात झटकता येतच नाही. मला ते मान्य होत नाही.

काठावरची
झटकायची ताकद आहे हे सात वर्षं सगळ्यांनी बघितलं ना. प्रश्न धरायच्या ताकदीचा आहे.

उंबरा
झटकला होता त्याने हात. तीनदा. गटातले एक काका दर वेळी परत दारात येऊन उभे राहायचे, चप्पल न काढता, 'चल' एवढंच म्हणायचे. चौथ्यांदा तो गेला. का गेला विचारलं तर तो आजही म्हणतो, मी गेलो नाही, मला नेलं. आणि आई म्हणते, चप्पल तर त्यानेच घातली होती, मी बघितलं.