बेदाण्याचा चेक, सहावं अक्षर आणि वकिलाचं काम

तासगाव_रोड
परवा सांगलीत विजयनगरला कोर्टाच्या बाररूममध्ये यावर चहा गार होईपर्यंत वाद झाला, म्हणून इथं मांडतो. माझं म्हणणं एवढंच की सरकारी पोर्टलवर जे उघडं आहे, ते न बघता नोटीस काढणारा वकील अशिलाचं नुकसान करतो.

माझा अशील बेदाणावाला. व्यापाऱ्यानं माल उचलला, दोन चेक दिले, दोन्ही परतले. अशील म्हणतो, "साहेब, एकट्याचं दुकान हाय." बिलावर जीएसटी नंबर होता. पहिले दोन आकडे ०७, म्हणजे नोंदणी दिल्लीची. दुकानाची पाटी मात्र इथली! पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. त्यातलं चौथं, म्हणजे अख्ख्या नंबरातलं सहावं अक्षर एफ. पी असतं तर व्यक्ती, सी असतं तर कंपनी. एफ म्हणजे फर्म. पोर्टलवर नंबर टाकला तर तिथंही भागीदारीच, आणि नोंदणी रद्द झालेली. अशिलाच्या शब्दावर एकट्याला नोटीस काढली असती तर फर्म बाहेर राहिली असती आणि चेकच्या कायद्यातल्या कलम १४१ वर (फर्मचा चेक असेल तर फर्मलाही आरोपी करावं लागतं) तिकडच्या वकिलानं आम्हाला सोलून काढलं असतं. चेक परतल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस जावी लागते, त्यातले नऊ उरले होते. काम किती? एक कॅप्चा भरायचं.

जुना_काळा_कोट
अक्षरं मोजता येतात, छान. पण हे सगळं आपण स्वतः कशाला करता? उद्या समोरचा म्हणाला, हा स्क्रीनशॉट कुणी काढला, तर पिंजऱ्यात आपण उभे राहणार का? ज्या खटल्यात आपणच साक्षीदार होऊ असं वाटतं तो खटला चालवू नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. आम्ही ३१ वर्षं वकिली केली. माग काढायला पोलीस आहेत, तलाठी आहे, अशिलाचे भाऊबंद आहेत. वकिलानं कागद वाचावा.

तासगाव_रोड
सर, माग वेगळा आणि पुरावा वेगळा. पोर्टलवर बघितलं म्हणून मी ते कोर्टात फेकत नाही. कुठला कागद मागवायचा आणि कुणाला समन्स काढायचं, ते त्यातून कळतं. आणि तलाठी कुणाला शोधून देतो हो?

ज्युनियर_मिरज
मी तासगावरोड सरांच्या बाजूनं. आमच्याकडे पोटगीची केस आहे. नवरा म्हणतो बेरोजगार. रजनेश विरुद्ध नेहा हा सुप्रीम कोर्टाचा २०२० चा निकाल, त्यानंतर दोघांनाही मालमत्ता-उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावंच लागतं. यानं त्यात शून्य लिहिलं. कंपनी खात्याच्या पोर्टलवर शोधलं तर हा एका कंपनीत संचालक. इन्स्टाग्रामवर नवी गाडी, तेही खातं सगळ्यांना उघडं असलेलं. आता बाईंचा भाऊ म्हणतोय, एका मुलीच्या नावानं खोटं खातं काढून त्याला रिक्वेस्ट पाठवतो, बंद फोटोपण मिळतील. मला यात चूक दिसत नाही. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्यापासून कायदा हाच आहे की पुरावा आडमार्गानं आला तरी संबंधित असेल तर चालतो. २०२५ मध्ये तर सुप्रीम कोर्टानं नवरा-बायकोचं चोरून केलेलं रेकॉर्डिंगही चालवून घेतलं.

तासगाव_रोड
अरे बाबा, थांब. इथं मी तुझ्या बाजूनं नाही. उघड्या दारातून आत डोकावणं वेगळं, कुलूप उघडायला दुसऱ्याचं सोंग घेणं वेगळं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ड वाच. सोंग घेऊन फसवणूक, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पुरावा आत जाईल रे, पण त्याच्या पाठोपाठ तुझ्या अशिलाचा भाऊही आत जाईल. आणि सल्ला दिलास तर सनद तुझी. त्या रेकॉर्डिंगमध्ये नवऱ्यानं बायकोशी झालेलं स्वतःचंच बोलणं टिपलं होतं, ते संभाषण जोडीदारांचं आपसातलं होतं. तिथं कुणी तिसरंच सोंग घेतलं नव्हतं.

जुना_काळा_कोट
बघा, आपणच काढलेली रेघ आपलाच ज्युनियर ओलांडतोय. म्हणून म्हणतो, नकोच.

कवठ्याचा_पाव्हणा
वकील नाही मी, पण बोलू का? आमच्या गावात माझ्या नावाचे, बापाच्या नावासकट, तिघं आहेत. धाकट्या बहिणीला बघायला आलेल्यांनी ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टातल्या केसेस दाखवणाऱ्या सरकारी साइटवर, माझं नाव टाकलं. कुठल्याशा मारामारीच्या केसमध्ये तेच नाव निघालं आणि पोरगं "पत्रिका जुळत नाही" म्हणून गप झालं. ती केस दुसऱ्याची. सांगायला कुणाला जाऊ? तुम्ही लोक एक कॅप्चा भरता आणि आमचं घर हलतं.

तासगाव_रोड
पाव्हणं, हे खरं आहे आणि यावर माझ्याकडे झटक्यात उत्तर नाही. नावावरून कधीच थांबू नये. प्रत्येक केसचा सोळा अक्षर-अंकांचा वेगळा सीएनआर नंबर असतो, तो उघडून आत पत्ता, पोलीस ठाणं, वर्ष बघायचं. उलटही होतं. चव्हाणचं स्पेलिंग इंग्रजीत चार तऱ्हांनी असतं, एका तऱ्हेनं शोधलं तर "केस नाही" असंच दिसतं. सातबाऱ्याचंही तसंच. तो महसुलाचा कागद, मालकीचा नव्हे. आणि जुन्या दस्तांसाठी दुय्यम निबंधकाकडे धूळ खावीच लागते.

जुना_काळा_कोट
धूळ म्हणालात, आता बरं वाटलं. आता मुद्द्याची गोष्ट. जालन्याची खोतकर-गोरंट्याल निवडणूक याचिका आठवते? २०२० चा निकाल. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र हवंच. मूळ यंत्रच कोर्टात हजर केलं तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे, त्यातल्या प्रमाणपत्राला भाग अ आणि भाग ब. ब वर तज्ज्ञाची सही, वर हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा. आपल्या बेदाण्याच्या खटल्यात यातलं काय आहे?

तासगाव_रोड
एकच वस्तू. समोरचा म्हणतो, माल मिळालाच नाही. पण फर्मच्या फेसबुक पानावर गोदामाचा फोटो होता, त्यात आमच्या अशिलाच्या बॉक्सवरचा छाप स्वच्छ दिसतो. नोटीस पोचली आणि फोटो उडाला. स्क्रीनशॉट त्याआधीचा आहे.

जुना_काळा_कोट
कुणी काढला?

तासगाव_रोड
अशिलाच्या मुलानं, त्याच्या मोबाइलवर. मी शेजारी बसून सांगत होतो, हात लावला नाही. तुमचाच नियम.

जुना_काळा_कोट
मग भाग अ वर सही त्या पोराची. पण मोबाइल जपून ठेवायला सांगा. विकायचा नाही, फॉरमॅट मारायचा नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत घेऊन येऊ नका, त्यात फोटोची मूळ माहिती पुसली जाते.

तासगाव_रोड
गेल्या आठवड्यात तो नवीन फोन घेतला म्हणत होता, एक्स्चेंजमध्ये. थांबा, फोन लावतो.