दोघांपुरता स्वयंपाक जमतच नाहीये! उरलेल्याचं काय करता?

उरलीसुरली
नमस्कार मंडळी. मुलगी लग्न होऊन नाशिकला, मुलगा नोकरीला बंगळुरूला, सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. भरल्या घरात आता आम्ही दोघंच. पण माझा हात काही आटोपता होत नाही. सासूबाईंच्या वेळची काठाला चेपलेली पितळी वाटी आहे, तिने दोन वाट्या तांदूळ कुकरात कधी पडतात ते माझं मलाच कळत नाही.

मग फ्रिजमध्ये नुसत्या डब्या. काल आवरायला घेतला तर एकीत चार घास मटकीची उसळ, एकीत अर्धी पळी आमटी, आणि तिसरीत काय होतं ते वास घेऊनही ओळखता आलं नाही. टाकताना जीव तुटतो हो. आणि उरलेलं खपवायचं म्हणून मी सारखा फोडणीचा भात करते. परवा सलग तिसऱ्या दिवशी ह्यांनी बशीकडे बघून विचारलं, "आज पिवळा का लाल?"

तर सांगा, फोडणीचा भात आणि फोडणीची पोळी सोडून काय करता? पेन्शनीत बसणारं हवं. चीज, मेयॉनीज घालून नवं नाव दिलेलं नको. मायक्रोवेव्ह नाही.

पाटलीणबाई
ताई, आधी ती वाटी माळ्यावर टाका. खरंच सांगते. तांदूळ शिजून जवळजवळ तिप्पट होतो. दोन वाट्या म्हणजे सहा वाट्या भात, तो दोघं कसे संपवणार? आम्ही दोघं पोळ्याही खातो, त्यामुळे आमटीच्या साध्या वाटीने पाऊण वाटी तांदूळ पुरतो. कणीक सपाट एक वाटी घेतली की माझ्या चार-पाच पोळ्या होतात. पहिले आठ दिवस भांडं रिकामं दिसतं आणि कसंतरीच वाटतं. मग सवय होते.

उरलीसुरली
वाटी माळ्यावर नाही टाकवणार. पण डब्यातून बाहेर काढते.

तव्यावरचा
मी नवरा, संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे. माझा नियम एकच: फोडणी शेवटी. डाळ दोन दिवसांची एकदम शिजवतो, नुसती हळद-हिंग घालून. अर्धीचं पहिल्या दिवशी साधं वरण. अर्धी निवली की लगेच झाकून फ्रिजमध्ये, मीठसुद्धा न घालता. दुसऱ्या दिवशी तिची चिंचगुळाची आमटी, नाहीतर पालकाची अर्धी जुडी उरली असेल तर डाळपालक. मटकीचंही तसंच. मोड आलेली मटकी वाफवून ठेवायची, एक दिवस उसळ, एक दिवस कांदा-लिंबू घालून नुसती. हे शिळं नव्हेच, अर्धा झालेला स्वयंपाक आहे. कुकर एकदा लागतो, गॅस वाचतो तो वेगळाच. एकदा फोडणी पडली, मसाला पडला की त्या पदार्थाचं दुसरं काही होत नाही, म्हणून डब्या साठतात.

उरलीसुरली
हे फार पटलं. ह्यांना 'शिळं' या शब्दाचंच वावडं आहे.

गोडामसाला
फोडणी पडलेल्या आमटीचंही होतं की! वरणफळं करा. आमटीत दुप्पट पाणी, थोडा गोडा मसाला, गुळाचा खडा, चव बघून मीठ, आणि खळखळून उकळू द्या. कणीक घट्ट भिजवून जाडसर पोळी लाटायची, शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे आणि एकेक करून सोडायचे. एकदम ओतले तर गोळा होतो. दहा-बारा मिनिटांत शिजतात. वर तूप. वाटीभर आमटीत दोघांचं रात्रीचं जेवण होतं. आमच्याकडे सोलापूरला चकोल्या म्हणतात.

आमटी त्याहून कमी असेल तर तिच्यातच कणीक भिजवायची, ओवा-तीळ घालून पराठे लाटायचे. पाणी घालायचं नाही, आमटीत मावेल तेवढीच कणीक.

कुटकेवाली
फोडणीच्या पोळीला नाही म्हणालात म्हणून गप्प होते, पण राहवत नाही. आम्ही नागपूरकडचे, आमचे ते कुटके. बहुतेक जण पोळी मिक्सरमधून काढतात आणि भुगा करतात, म्हणून कंटाळा येतो. हाताने बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. कांदा चांगला लाल होऊ द्या, शेंगदाणे घाला, आणि झाकण ठेवण्याआधी ताकाचा एकच हबका. तुकडा बाहेरून खरपूस, आतून मऊ राहतो.

पाटलीणबाई
आमच्याकडे माणिकमोती.

गोडामसाला
माणिकमोती म्हणजे पोळी आणि भात एकत्र. नुसत्या पोळीचा तो कुस्करा.

पाटलीणबाई
आमच्या आजीला जाऊन सांगा!

तिरफळ
भांडा सावकाश. आमच्या गोव्यात 'कालची कढी' नावाचा पदार्थच आहे. काल रात्रीचं माशांचं हुमण सकाळी मंद आचेवर आटवत न्यायचं, रस दाट होऊन कडेला धरायला लागला की पावाबरोबर. काही जण ती मिळावी म्हणून आदल्या दिवशी हुमण मुद्दाम जास्त करतात. शिळ्याला नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा खाऊन बघावं. फक्त मासे आधी हलक्या हाताने बाजूला काढा, नाहीतर खिमा होतो.

शुद्धसात्त्विक
शिळं अन्न तामसी असतं. रोज ताजं, मोजकं करावं.

तव्यावरचा
मोजकं करण्याचीच चर्चा चालली आहे दादा.

प्रयोगशाळा
एक गंभीर सूचना, विशेषतः भाताबद्दल. रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवून सकाळी फोडणीला टाकणारे इथे बरेच असतील. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू तांदूळ शिजवल्यावरही जिवंत राहतात. भात तासन् तास कोमट राहिला की जिवाणू वाढतात आणि त्यातलं एक विष असं असतं की नंतर कितीही परता, जात नाही. वासही येत नाही. उन्हाळ्यात तर नकोच. जेवणं झाली की भात ताटात पसरून निववा, तासाभरात फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवा. गरम एकदाच करायचं, तेही वाफा येईपर्यंत, आणि लागेल तेवढंच बाहेर काढून.

उरलीसुरली
अगं बाई. आम्ही वर्षानुवर्षं ओट्यावरच ठेवतोय.

कुटकेवाली
भाताची थालीपिठं करता का ताई? एक वाटी भात आधी झाकणाखाली पाण्याच्या हबक्याने चांगला वाफवून घ्यायचा. फ्रिजमधला भात तसाच मळला तर शितं टोचतात आणि थालीपीठ फाटतं, मी दोनदा फाडलंय. मग हाताने कुस्करून वाटीभर ज्वारीचं पीठ, दोन चमचे बेसन, कांदा, मिरची, कोथिंबीर. उरलेली कोरडी भाजी असेल तर तीही घाला. कोबी, मेथी, गाजर काहीही चालतं. भेंडी मात्र नको! ओल्या फडक्यावर थापायचं, मध्ये भोक पाडून तेल सोडायचं.

तव्यावरचा
ही आमच्याकडे दर शुक्रवारी. शनिवारी मंडईत जायच्या आधी फ्रिज रिकामा होतो. मंडईतही पाव किलोच्या वर काही घेत नाही. कोबीचा गड्डा स्वस्त दिसतो पण दोघांना आठ दिवस पुरतो आणि पाचव्या दिवशी कोणी खात नाही.

गोडामसाला
आणि टाकायच्या आधी सालं बघा. दोडक्याच्या शिरा किसून किंवा बारीक चिरून थोड्या तेलात कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, तीळ, सुकं खोबरं, लसूण, तिखट, मीठ. भाकरीबरोबर भाजी लागत नाही. कोथिंबिरीच्या काड्या वाटणात. लोणी कढवलं की खाली राहिलेली बेरी साखर घालून पोळीला लावा. भांडं घासायचं कामही निम्मं होतं.

उरलीसुरली
आठवडा झाला, हिशेब देते. वाटी बदलली. पहिल्या दिवशी भात कमी पडेल म्हणून गुपचूप एक पोळी जास्त केली, ती उरली! वरणफळं दोनदा झाली. ह्यांनी आमटी कालची होती हे ओळखलं नाही, मीही सांगितलं नाही. ओट्यावर भात ठेवणं बंद.

एक अडचण. दोडका नव्हता म्हणून दुधीच्या सालांची चटणी केली. पार कडू झाली. तीळ जास्त भाजले गेले का? गूळ घालून सुधारेल?

प्रयोगशाळा
ताई, खाऊ नका ती! करपलेले तीळ चवीला कळतात. दुधीच कडू असेल तर त्यात क्युकरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य असतं, शिजवून जात नाही. उलट्या-जुलाब होतात, माणूस दवाखान्यात पोचतो. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत. आतला गर चाखून बघा, छोटा तुकडा नुसता जिभेला लावून थुंका.

कुटकेवाली
आई दुधी चिरताना देठाकडची चकती आधी जिभेला लावायची. काकडीचंही तसंच.

उरलीसुरली
चाखला. कडूच आहे. चटणी गेली, अख्खा दुधीही गेला. चाळीस रुपयांचा होता. रात्री पिठलं.