कंबरही दुखते, मनही थाऱ्यावर नाही. योगाची सुरुवात कशानं करू?

नमस्कार. मी सोलापूरची, वय ४६. बावीस वर्षं झाली, घरीच मशीनवर शाळेच्या गणवेशांची शिलाई करते. एप्रिल ते जून सीझन, तेव्हा दिवसाचे दहा-दहा तास मान खाली. मशीनला मोटर बसवून घेतली, पायाचं काम वाचलं. पण मान आणि कंबर तशीच. दिवाळीपासून रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. डॉक्टर म्हणाले, "योगा करा." कुठला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

दुसरं कारण सांगायला जरा जड जातं. मागच्या वर्षी वडील गेले. ते दर सोमवारी सिद्धेश्वराच्या देवळात जायचे आणि सिद्धरामेश्वरांच्या योगसमाधीजवळ अर्धा-पाऊण तास डोळे मिटून बसायचे. लहानपणी मी सोबत असायचे, तळ्यातले मासे बघत. ते उठायचे तेव्हा त्यांचा चेहरा वेगळाच असायचा. ते गेल्यावर मी त्याच जागी जाऊन बसले, तर दोन मिनिटांत डोक्यात काज-बटणाचा हिशोब सुरू. रात्री तीनला जाग येते ती उजाडेपर्यंत. मला वडिलांचं ते बसणं हवंय. नुसती कंबर बरी झाली तर माझं अर्धंच काम होईल.

करून बघितलं नाही असं नाही. एका बागेतल्या मोफत वर्गाला गेले. पन्नासेक माणसं, माइकवरून सूचना, भराभर कपालभाती. तिसऱ्या दिवशी डोळ्यांपुढं अंधारी आली. मला गोळी चालू आहे असं सांगितलं, तर उत्तर मिळालं, "करत राहा, गोळी सुटेल." मी जायचं सोडलं. मग मोबाइलवर बघून रोज बारा सूर्यनमस्कार. पाचव्या दिवशी कंबर अशी धरली की दोन दिवस भाकरी थापायला ओट्याशी उभं राहता येईना. मैत्रिणीबरोबर एका ध्यानवर्गालाही गेले, वातावरण फार चांगलं होतं, पण तासभर मांडी घालून बसायचं. माझे गुडघे वीस मिनिटांतच बोलायला लागतात. कुणी म्हणतं इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर कर. सासूबाई अंथरुणावर आहेत, दहा दिवस घर सोडणं शक्य नाही.

आसनं आधी की प्राणायाम की ध्यान, हेच कळेना झालंय. शरीराला एक आणि मनाला दुसरं असं वेगवेगळं शिकावं लागतं का? आणि रोज पहाटेचं मला जमणार नाही. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्या दिवशीची सकाळ भांडी-टाक्या भरण्यातच जाते. संध्याकाळी केलं तर चालतं का?

प्रतिसाद: जुळे सोलापूर

ताई, आधी एक विचारते. कंबरेची कळ पायात उतरते का? मुंग्या, बधिरपणा? असेल तर कुठलंही आसन करण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पुढं वाकायची आसनं अशा दुखण्यात घात करतात, आणि सूर्यनमस्कारात पुढं वाकणं पुन्हा पुन्हा येतं.

कपालभातीचं म्हणाल तर हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत ती प्राणायामात धरलेलीच नाही. धौती, नेती, नौली यांच्या रांगेत, षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत ती येते. रक्तदाब असताना भराभर कपालभाती, भस्त्रिका म्हणजे भात्यासारखा जोरजोरात श्वास, श्वास रोखून धरणं, शीर्षासन हे सगळं बाजूला ठेवा. गोळी स्वतःहून बंद करू नका. सूर्यनमस्कारही वाईट नाहीत. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते घरोघरी पोचवले, पण अंगाला चांगला घाम आणणारा व्यायाम म्हणून. धरलेल्या कंबरेनं तिथून सुरुवात करायची नसते.

मी पुण्यात काही वर्षं अय्यंगार पद्धतीनं शिकले, म्हणून माझा कल तिकडं आहे हे आधीच सांगते. बी. के. एस. अय्यंगार लहानपणी सतत आजारी असत. पट्टे, विटा, खुर्ची, दोर यांचा आधार घेऊन ताठर शरीरालाही आसन करता यावं, हे त्यांनी घडवलं. एकेक आसन सावकाश, नीट. तुमच्यासारखीला हेच हवं. लोणावळ्याच्या कैवल्यधामची परंपराही मला भरवशाची वाटते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये ती संस्था काढली ती योग प्रयोगशाळेत तपासून बघायला. पण आपल्या गल्लीत यांतलं काही नसेल तर नाव शोधत बसू नका, शिकवणारा बघा. पहिल्या दिवशी जो तुमचं वय, दुखणं, औषधं विचारतो आणि "हे तुम्ही करू नका" असंही म्हणतो, त्याच्याकडं जा.

संध्याकाळी बेलाशक करा. जेवणानंतर तीन-चार तास गेलेले असावेत, एवढंच.

प्रतिसाद: अक्कलकोटकर

ताई, वरच्या ताईंनी शरीराचं सांगितलं, मी बसण्याचं सांगतो. वय ७१. आम्ही लिंगायत, घरी इष्टलिंगपूजा. डाव्या तळहातावर लिंग घेऊन त्याच्यावर नजर ठेवून बसायचं, हे वडिलांनी शिकवलं. दहा वर्षांचा होतो तेव्हा ते मला पाच मिनिटं बसवायचे आणि मी चुळबुळ करायच्या आत उठवायचे. तुमच्या वडिलांची अर्ध्या-पाऊण तासाची बैठकही एका दिवसात जमली नसणार.

पतंजलींनी पद्मासन सांगितलेलं नाही. त्यांची व्याख्या तीन शब्दांची, स्थिर आणि सुखाचं ते आसन. मीही आता खुर्चीवरच बसतो. त्यांच्या आठ अंगांत आसन तिसरं, प्राणायाम चौथा, ध्यान सातवं. शरीराचं आणि मनाचं अशा दोन वह्या त्यांनी केल्या नाहीत. शेवटी जे शवासन करता, तेव्हा श्वास येता-जाता बघत राहिलात की ध्यानाकडं जाणं सुरू झालंच.

आणखी एक. आपल्या सिद्धेश्वराला, म्हणजे सिद्धरामेश्वरांना, आपण शिवयोगी म्हणतो. त्यांनी तळं खोदवलं, लोकांच्या कामात उभे राहिले. त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेत ज्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लावतात, तो याच योग्याचा. मशीनवर बसून योग कसा होणार असं मनात आणू नका.

धागाकर्तीचा प्रतिसाद, पाच आठवड्यांनी

ताई, काका, तुमचं लिहिलेलं मी मोठ्यानं वाचलं, सासूबाईंनीही ऐकलं. डाव्या पोटरीत अधूनमधून मुंग्या येत होत्या, म्हणून आधी डॉक्टरांकडे गेले. शीर दबलेली नाही, स्नायू आखडलेत म्हणाले. मग घराजवळ एक बाई शिकवतात, सहाच जणी असतो, तिथं जायला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी काही करवून घेतलं नाही, नुसतं विचारलं आणि वहीत लिहून घेतलं.

सध्या ताडासन, मार्जारासन, एकेका पायानं पवनमुक्तासन, उशीचा आधार देऊन सेतुबंध. शेवटी श्वास न रोखता अनुलोम-विलोम आणि भ्रामरी. भ्रामरी मला फार आवडली. तो गुंजारव सासूबाईही पडल्या पडल्या करतात. तीनला जाग येतेच, पण आता कुशीवर वळून श्वास मोजते आणि बऱ्याचदा परत डोळा लागतो. गोळी चालू आहे.

गेल्या सोमवारी देवळात गेले. मांडी न घालता भिंतीला टेकून, पाय सोडून बसले. सात मिनिटं. काज-बटणं आली, गेली, परत आली. वडिलांची आठवण आली आणि रडू आलं, तरी उठले नाही. काका, असं रडू येणं बरोबर आहे का, की तेव्हा थांबायला हवं?

आणि ताई, सीझन तोंडावर आलाय. दहा तास मशीनवर असताना स्टुलावरून न उठता मानेसाठी मधे मधे काय करता येईल, तेवढं सांगा.