कृत्तिकेतला प्लेयोनी नुसत्या डोळ्यांनी दिसतो का?

तारकाधुंद: कृत्तिकेत माझे सहा तारे सहज मोजून होतात. प्लेयोनीपाशी मात्र गाडी अडते. नकाशात तो पाचव्या प्रतीचा आहे (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका लहान तितका तारा तेजस्वी), म्हणजे अंधाऱ्या आकाशात दिसायलाच हवा. शिवाय 'निळसर पांढरा' असं लिहिलंय. मला क्वचित दिसतो तो राखाडी ठिपका. डोळ्यांचा नंबर वाढला की काय?

रात्रपाळी: नंबराला दोष देऊ नका, शेजार वाईट आहे. प्लेयोनीपासून जेमतेम ५ कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) ॲटलास हा तारा बसलाय, तोही ३.६ प्रतीचा, म्हणजे सुमारे चौपट तेजस्वी. वसिष्ठ-अरुंधतीत १२ कलांचं अंतर आहे. ती जोडी सुटी दिसायला ज्यांना वेळ लागतो त्यांनी थेट दुर्बीण काढावी, असं माझं स्पष्ट मत. मंद ताऱ्यासाठी 'तिरक्या नजरेनं बघा' हा सल्ला सगळे देतात, पण इथे तो अंगलट येतो. तारा उजळतो खरा, पण नजरेच्या कडेला बारकावे टिपण्याची ताकद कमी, त्यामुळे दोघांतली फट बुजते.

रंगाचं म्हणाल, तर इतक्या मंद उजेडात डोळ्यातल्या दंडपेशीच काम करतात आणि त्यांना रंगाचं काही कळत नाही. १० × ५० च्या द्विनेत्रीतून (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) पाहा. ॲटलासच्या उत्तरेला बारीक, थंड पांढरा ठिपका दिसेल. थंड दिसायलाच हो! पृष्ठभाग सूर्याच्या दुप्पट तापलेला आहे.

वर्णपटवाला: एक राहिलं. हा तारा बदलता आहे, ४.८ ते ५.५ च्या दरम्यान. स्वतःभोवती इतका वेगानं फिरतो (सेकंदाला ३०० किमीहून जास्त) की विषुववृत्तावरचा वायू सुटून भोवती तबकडी तयार होते. १८८८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ पिकरिंग यांना वर्णपटात (ताऱ्याच्या प्रकाशाच्या रंगपट्ट्यात) त्या वायूच्या तेजस्वी रेषा दिसल्या होत्या. पुढे त्या चक्क गायब झाल्या आणि १९३८ च्या सुमारास तारा पुन्हा वायूच्या वेढ्यात सापडला.

तारकाधुंद: मग आज किती प्रतीचा आहे ते घरबसल्या कसं ठरवू?

रात्रपाळी: त्याच द्विनेत्रीत कृत्तिकेतलेच दोन तारे तुलनेला घ्या. टायगेटा ४.३, सेलिनो ५.४. प्लेयोनी बहुतेकदा या दोघांच्या मधे पडेल, सेलिनोकडे थोडा झुकलेला. नोंदीत तारीख-वेळ टाका आणि आकडा लिहा. नुसतं 'अंधुक दिसला' कोणाच्या कामाचं नाही.