घारापुरीचा विकास नेमका कोणासाठी झाला?

खाडीकाठ (धाग्याची सुरुवात)

घारापुरीचा विषय निघाला की चर्चा लेण्यांपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी तीन गावे आहेत, तिन्हींची मिळून वस्ती हजार-बाराशेच्या आसपास आहे आणि हे सारे उरण तालुक्यातील एका ग्रामपंचायतीत मोडते, याची दखल फारशी कोणी घेत नाही. या बेटावर कोणती सोय केव्हा आली याचा क्रम लावून पाहिला, तेव्हा माझे मत असे झाले की तिथे आधी पाहुण्यांची व्यवस्था लागली आणि गावकऱ्यांच्या वाट्याला तिच्यातून उरलेसुरले आले.

लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा 1987 मध्ये मिळाला. वीज पोहोचली ती फेब्रुवारी 2018 मध्ये, न्हाव्याच्या बाजूने समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकल्यानंतर. मधल्या 31 वर्षांत पर्यटन महामंडळाचा डिझेल जनरेटर संध्याकाळचे काही तास चाले आणि तो थांबला की गाव अंधारात जाई. समोर दक्षिण मुंबईचा झगमगाट मात्र अंगणातून दिसत असे. माध्यमिक शिक्षणासाठी मुलांना आजही बेट सोडावे लागते, आणि अवेळी कोणी आजारी पडले तर दवाखान्याच्या आधी होडीची जुळवाजुळव करावी लागते. अशा ठिकाणी शिवडीहून सुमारे आठ किलोमीटरच्या रोपवेचा प्रस्ताव मांडला जातो, तेव्हा तो कोणाच्या सोयीसाठी आहे हे विचारणे भाग आहे. रोपवेचा विचार बाजूला ठेवून आधी शाळा आणि रात्रीची बोट द्यावी, आणि पर्यटकांना गावकऱ्यांच्या घरी मुक्कामाची परवानगी द्यावी, असे माझे म्हणणे आहे.

शिलापट

विजेला झालेला उशीर असमर्थनीय आहे, याबद्दल वाद नाही. पण मुक्कामावरच्या बंदीलाही आपण अन्यायाच्या यादीत बसवले आहे, हे मला मान्य नाही. बंधने नसली की काय होते हे पाहण्यासाठी फार दूर जायला नको; जोगेश्वरीची लेणी सहाव्या शतकातलीच आणि विस्ताराने प्रचंड, पण त्यांच्या माथ्यावर आणि भोवती घरे उभी राहिली, सांडपाणी आत झिरपले आणि आज तिथले बरेचसे शिल्पकाम ओळखू येत नाही. घारापुरीचीही झीज कमी झालेली नाही. पोर्तुगीज काळात मूर्तींची मोडतोड झाली, आणि ज्या दगडी हत्तीवरून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटले, तो 1864 मध्ये इंग्लंडला नेण्याच्या खटाटोपात फुटला. त्याचे तुकडे जोडून उभा केलेला हत्ती आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. त्रिमूर्ती शाबूत राहिली यात योगायोगाचा भाग मोठा आहे.

शिवाय बेटाचा इतिहास म्हणजे केवळ मुख्य लेणे नव्हे. पूर्वेच्या टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत, किनाऱ्यालगत सहाव्या शतकातल्या कृष्णराज कलचुरी या राजाची नाणी सापडलेली आहेत. चालुक्य राजा पुलकेशी दुसऱ्याने नौदलानिशी जिंकल्याचे कर्नाटकातल्या ऐहोळेच्या शिलालेखात सांगितलेली पुरी हीच, असे काही अभ्यासक मानतात आणि काही ती जंजिऱ्याजवळच्या राजपुरीकडे नेतात. वाद मिटलेला नाही आणि मिटवायचा असेल तर उत्खननासाठी जमीन मोकळी राहायला हवी. एकदा घरोघरी खोल्या बांधल्या की पाया खणताना काय निघाले आणि काय बुजवले, हे कोणाला कळणार?

मोराकर

दोघांच्याही मांडणीत समुद्र येत नाही, म्हणून लिहीत आहे. आमचे घर उरणजवळच्या मोऱ्याचे, आणि आमच्या काही सोयरिकी घारापुरीत आहेत.

या बेटावरचा माणूस मुळात पर्यटनावर जगत नव्हता. थोडी भातशेती, होड्यांची डागडुजी आणि मुख्यतः मासेमारी, असे त्याचे जगणे होते. ओहोटी लागली की बायका खडकांवरची कालवे फोडायला उतरत, चिखलात निवटे आणि खेकडे मिळत, आणि घरचे कालवण त्यावर भागत असे. 1989 मध्ये समोर न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. मोठ्या जहाजांसाठी तळातला गाळ सतत उपसला जाऊ लागला, जहाजांच्या वाटेत जाळे टाकण्याची सोय राहिली नाही. पुढे ऑगस्ट 2010 मध्ये एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली, तेव्हा तेलाचा काळा थर या भागातल्या कांदळवनात शिरला आणि मुंबईच्या बाजारात लोक मासळी घ्यायलाही धजेनात. बंदरासाठी उरणच्या ज्या शेतकऱ्यांची जमीन गेली, त्यांच्या 1984 च्या आंदोलनात दि. बा. पाटलांसारखा नेता होता आणि पाच जणांचा बळी गेल्यानंतर का होईना, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. घारापुरीची जमीन कोणी घेतली नाही. तिच्या भोवतीचे पाणी गेले, आणि पाण्याचा सातबारा कोणाच्याच नावावर नसतो.

पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना निळ्या ताडपत्रीखाली माळा आणि दगडी मूर्ती विकणारी माणसे दिसतात, ती या मासेमारीतून बाहेर फेकली गेलेली पिढी आहे. डोक्यावर पितळी हंड्यांची उतरंड घेऊन फोटोसाठी उभी राहणारी बाईही त्यांतलीच. पर्यटनाने त्यांना तारले, हे खरे आहे. फक्त त्यांना बुडवले कोणी, हेही सोबत लिहावे.

खाडीकाठ

मोराकर, आपल्या लिहिण्याने माझा मुद्दा अधिक पक्का होतो, असे मला वाटते. जाळे गेल्यावर पर्यटन हाच एक आधार उरला असेल, तर त्या आधारातला मोठा वाटा बेटाबाहेर का जातो? लेण्यांच्या तिकिटाचे भारतीयांकडून 40 आणि परदेशी पर्यटकांकडून 600 रुपये घेतले जातात, ते केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे जमा होतात. ग्रामपंचायतीला मिळतो तो माणशी काही रुपयांचा कर. दुपारी जेवून संध्याकाळच्या लाँचने परतणारा पर्यटक पाण्याची बाटली, कणीस आणि फार तर एक माळ घेतो. तो एक रात्र राहिला तर तेवढ्याच माणसांकडून कितीतरी अधिक उत्पन्न घरात येईल आणि गर्दीही वाढणार नाही. शिलापट यांना नव्या बांधकामाची भीती वाटते. मग आहे त्याच घरांतली एखादी खोली, संख्या ठरवून आणि एकही नवी वीट न लावता, असा नियम करता येईल.

शिलापट

नियम करता येतो, राबवायचा कोणी? आणि पाण्याचे काय? बेटावर पावसाचे पाणी अडवणारे छोटे धरण आहे आणि उन्हाळ्यात गावालाच ते काटकसरीने पुरवावे लागते. त्यात मुक्कामी पाहुण्यांच्या आंघोळी कुठे बसवणार? रोपवेला माझाही विरोध आहे, कारण त्याने गर्दी वाढेल आणि लाँचवाल्यांचे पोट जाईल. पण घरगुती मुक्कामानेही शेवटी बाहेरचा पैसेवालाच गावातली घरे भाड्याने घेऊन बसेल, हे अलिबाग-काशीदच्या बाजूला आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

मोराकर

पाण्याचा मुद्दा रास्त आहे, आणि बाहेरच्यांना घरे भाड्याने देऊ नयेत असा ठराव ग्रामसभेतच व्हायला हवा. मात्र मुक्काम द्यावा की न द्यावा यापूर्वी एक गोष्ट बिनवादाची आहे. डिसेंबर 2024 मध्ये नौदलाची वेगवान बोट नीलकमल लाँचवर आदळून 15 जण दगावले, आणि त्यानंतर गेटवेवर प्रवाशांच्या अंगात लाइफ जॅकेट घालण्याचा आग्रह सुरू झाला. हाच समुद्र बेटावरचा माणूस बाजारासाठी, शाळेसाठी आणि बाळंतपणासाठी बारमाही ओलांडतो, भर पावसाळ्यातही. रात्री हाक मारली की निघेल अशी एक सुरक्षित बोट शेतबंदरच्या धक्क्याला बांधून ठेवायला न पुरातत्त्व खात्याची हरकत आहे, न धरणाच्या पाण्याची. ती आजवर का मिळाली नाही, याचे उत्तर आपण दोघांपैकी कोणी देऊ शकत असेल तर जरूर द्यावे.