अनुभव धागा: सर्व्हरचं घड्याळ चुकलं आणि आळ भलत्यावरच आला

परवा आमच्या एका सर्व्हरवर कोणालाच लॉगिन होईना. पासवर्ड बरोबर, खाती चालू, नेटवर्क ठणठणीत. तीन तास ऑथेंटिकेशनवाल्यांशी वाद घातल्यावर कुणीतरी सहज 'डेट' कमांड मारली, तर घड्याळ पाच मिनिटं चार सेकंद मागे! कर्बेरॉस (लॉगिन करणाऱ्याची ओळख पटवणारी यंत्रणा) एरवी पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेतं, पुढे तिकीट (ओळखीचा डिजिटल परवाना) नाकारतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

सहाएक महिन्यांपूर्वी फायरवॉलचे नियम बदलले, त्यात यूडीपी १२३, म्हणजे नेटवर्कवरून वेळ घेण्याचा पोर्ट, बंद झाला होता. घड्याळ जुळवणारी एनटीपी सेवा मात्र इमानेइतबारे 'रनिंग' दाखवत होती. दिवसाला पावणेदोन सेकंद या चालीने घड्याळ मागे पडत गेलं आणि परवा मर्यादा ओलांडली.

तुमचेही किस्से येऊ द्या. आधी संशय कोणावर गेला होता, तेही लिहा.

रात्रपाळी
आमचा संशय लॉगवर (नोंदींच्या फाइलवर). ओळींमध्ये उत्तर आधी, प्रश्न नंतर! व्हर्च्युअल मशीन होतं, म्हणजे दुसऱ्या मशीनच्या (होस्टच्या) आत सॉफ्टवेअरने चालवलेलं. आतला एनटीपी वेळ हळूहळू सरकवायचा आणि बाहेरून ते चालवणारा हायपरव्हायझर आपली वेळ दामटून बसवायचा. त्यात होस्टचं स्वतःचंच घड्याळ चुकलेलं. दोघांतला एक बंद केला, भांडण मिटलं.

जुनं खोड
बॅटरी. मदरबोर्डवरची ती नाण्याएवढी सीआर२०३२. वीज गेली, मशीन उठलं ते कित्येक वर्षं मागच्या तारखेला. सगळी सर्टिफिकेटं 'अजून वैध नाहीत' म्हणायला लागली. एनटीपीडी (एनटीपीचा प्रोग्रॅम) आपोआप दुरुस्त करेल म्हणून वाट बघत बसलो, पण फरक हजार सेकंदांहून जास्त दिसला की ते घाबरून बंदच पडतं. सुरू होताना '-जी' हा पर्याय दिला तर एकदा मोठी उडी मारू देतं. त्यातही गंमत म्हणजे टाइम सर्व्हरचं नावच सापडेना, कारण डीएनएससेकच्या (सर्व्हरच्या नावावरून मिळणारा पत्ता खरा असल्याची खात्री करणाऱ्या व्यवस्थेच्या) सह्याही तारखेवरच तपासल्या जातात. वेळ लावायला नाव हवं, नाव मिळायला वेळ हवी. शेवटी हाताने तारीख घातली.

काटेकोर
आम्ही दोन टाइम सर्व्हर दिले होते, एक पडला तर दुसरा म्हणून. एक दिवस दोघांत काही सेकंदांचा फरक पडला. खरा कोण हे मशीनला कसं कळणार? आता चार आहेत. एक खोटं बोलला तरी बहुमत उरतं.

काठावरचा
३० जून २०१२ ची लीप सेकंदाची (घड्याळात एक जादा सेकंद घालण्याची) रात्र आठवतेय का कोणाला? घड्याळ बरोबर, तरी जावाच्या प्रोसेस सीपीयू शंभर टक्के खात बसलेल्या. आम्ही गार्बेज कलेक्शनच्या (जावाच्या मेमरी साफ करण्याच्या कामाच्या) मागे. दोष लिनक्स कर्नलच्या (गाभ्याच्या) टायमरमध्ये होता. उतारा ऐकाल तर हसाल: आहे तीच तारीख पुन्हा सेट करायची. केली, आणि आलेख धाडकन खाली आला.

डेटाबेसवाली
नोंद डिलीट केली की गायब व्हायची नाही. कॅशेवर संशय, मग ॲपवर, मग माझ्यावर. डेटाबेस 'शेवटचा लिहील तो खरा' या तत्त्वाचा, आणि त्याचं एक मशीन (नोड) चाळीस सेकंद पुढे. त्याने लिहिलेली नोंद 'उद्याची', माझं डिलीट 'कालचं'. घड्याळ सुधारल्यावरही त्या पुढच्या वेळेचा शिक्का असलेल्या नोंदी काही वेळ जिंकतच होत्या.

धागाकर्ता
तुमचं वाचून बाकीच्या मशीनवर क्रोनीचे (घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमचे) सोर्सेस, म्हणजे टाइम सर्व्हर, तपासले. 'रीच' ३७७ दिसलं की शेवटच्या आठही विचारण्यांना उत्तर आलेलं असतं, आकडा ऑक्टल, म्हणजे आठच्या आधाराचा, आहे. एका ठिकाणी मात्र शून्य. घड्याळ चार मिनिटं वीस सेकंद मागे, चालही तीच. म्हणजे तिथलं लॉगिन बंद पडायला अजून तीन आठवडे होते.