आवडत्या कादंबरीची पानं सुटलीत, समासातल्या नोंदी कशा जपू?

प्रश्न: पुन्हा पुन्हा वाचलेली कादंबरी. कागदी बांधणी, मधली पानं सुटलीत, समासात पेन्सिलीच्या नोंदी आहेत. नवी प्रत नकोय, हीच हवी. सेलोटेप लावू का?

उत्तर १: सेलोटेप अजिबात नको! त्याचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो. तो डाग निघत नाही. आम्लरहित पीव्हीए गोंद (पुस्तकबांधणीत वापरतात तो पांढरा गोंद) घ्या. सुटलेल्या पानाच्या आतल्या कडेला जेमतेम २-३ मिमी पट्टी बारीक ब्रशने लावा. पान कण्यापर्यंत नीट सरकवा, वरची-खालची कड जुळवा, दोन्ही बाजूंना बटर पेपर ठेवून रात्रभर वजनाखाली ठेवा. गोंद जास्त झाला तर शेजारची पानं चिकटतात आणि उघडताना फाटतात. बहुतेक दुरुस्त्या इथेच बिघडतात. दहा-बारा पानं एकत्र सुटली असतील तर बाइंडरकडेच द्या, पण कडा कापू नका असं बजावून सांगा. नाहीतर समासासोबत नोंदीही जातील.

उत्तर २: आधी सगळ्या नोंदींचे फोटो काढा. पेन्सिल घासली की पुसट होते, म्हणून त्या पानांवर खोडरबर फिरवू नका. नव्या नोंदी एचबीनेच करा, खाली वाचनाचं वर्ष लिहा. त्याच वाक्याखाली दोन वेगळ्या वर्षांची मतं दिसणं, हीच तर जुन्या प्रतीची खरी श्रीमंती! चिकट चिठ्ठ्या मात्र टाळा, डिंक मागे राहतो.

उत्तर ३: पुस्तक उभं ठेवा, उन्हापासून दूर. स्वस्त कागदातलं लिग्निन (लाकडातून आलेला घटक) उजेडात लवकर पिवळं पडतं.